कारण सापडलं नाही

‘सर, नेटवर्क नाही,’ असं आमच्या सरांसमोर म्हणण्याची चूक माणूस एकदाच करायचा. ते हातातलं काम बाजूला ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, “नाही म्हणजे? तुमच्या मोबाइलवर नाही, यंत्रातल्या सिमवर नाही, की टॉवरच बंद आहे?” समोरचा मोबाइल खिशात घालायचा. “म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही. मग तसं म्हणा. नेटवर्कचं नाव कशाला पुढे करता?”

पाठीमागे आम्ही त्यांना ‘कारणे दाखवा’ म्हणायचो. सरकारी नोटिशीवरून पडलेलं नाव. त्यांच्या कानावर ते गेलं होतं आणि त्यांना ते अपमानाचं वाटत नव्हतं. एकदा मला म्हणाले, “नाव बरोबर ठेवलंय. फक्त मी नोटीस देत नाही, तोंडी विचारतो. तेवढाच कागद वाचतो.”

नाशिकमधल्या एका खाजगी सर्वेक्षण कंपनीत ते मुख्य सर्वेक्षक होते. मी तिथे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गणक म्हणून लागलो. शेतावर, रस्त्यावर, धरणाच्या कामावर मोजणी करून माणसं वह्या आणायची आणि मी ऑफिसात बसून बेरजा लावायचो. निघालेल्या जागेवर परत येईपर्यंत मोजणीत किती फरक पडला, तो चालण्यासारखा आहे की नाही, हे ठरवायचं. ते माझे थेट साहेब. माझा स्वभावही आकड्यांचा असल्यामुळे आमचं जमलं असं लोक म्हणायचे. जमलं वगैरे काही नव्हतं. मी त्यांना घाबरायचो आणि घाबरल्यामुळे माझ्या बेरजा चुकत नसत.

दिंडोरीकडच्या एका कामात फरक जास्त आला. नवीन लागलेल्या इंजिनिअरने शेऱ्यात ‘वाऱ्यामुळे’ असं लिहिलं. सरांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं.

“वारा होता?”

“हो सर. जोरात होता.”

“कुठल्या बाजूने?”

“पश्चिमेकडून.”

“मग अर्ध्या वाटेपर्यंत चूक पूर्वेला गेली आणि पुढे पश्चिमेला आली, ती कशी? वाऱ्याने जेवायला सुट्टी घेतली आणि परत येताना रस्ता बदलला?”

सगळे हसले. मीही हसलो. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो. महिन्याभरात तो सोडून गेला. नंतर कळलं की त्याची आई तेव्हा इस्पितळात होती आणि त्याचं कामात लक्ष नव्हतं. मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, “मग तसं लिहायचं. आई आजारी, लक्ष नव्हतं. ते कारण आहे. वारा हे कारण नाही.” त्यांच्या आवाजात दया नव्हती आणि रागही नव्हता.

घरीही तेच. त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. एकदा जेवायला बोलावलं होतं, तेव्हा वाढता वाढता वहिनी म्हणाल्या, “दूध उतू गेलं तर मी म्हणते, गेलं उतू. यांना गॅस कितीवर होता, पातेलं कुठलं होतं आणि मी कुठे बघत होते, हे सगळं हवं असतं. तोवर दूध वाळून शेगडीला चिकटतं.” सर ताटातून वर न बघता म्हणाले, “पुढच्या वेळी उतू जाऊ नये म्हणून विचारतो.” वहिनी म्हणाल्या, “पुढच्या वेळीही जातं. तीस वर्षं जातंय.”

नाशिकच्या रविवार कारंजा चौकात भाजी घेताना मी त्यांना पाहिलंय. ताजवा जरा भाजीकडे झुकला की ते एखादा दोडका काढून परत टोपलीत ठेवायचे. भाजीवाली एकदा वैतागली. “अहो साहेब, न्या की एक दोडका! जास्तच गेलाय ना?”

“वजन चुकतंय.”

“चुकलं तर माझं चुकलं. तुमच्या पोटाला काय त्रास?”

ते खरोखर विचारात पडले. मग दोडका ठेवून निघाले. असा माणूस.

त्यांचा एक नियम मात्र मी आजही पाळतो, घरातला नळ गळत असला तरी. “एका वेळी एकच गोष्ट बदला,” ते म्हणायचे. “दोन बदललीत की काम होऊन जातं, पण कशामुळे झालं ते कळत नाही. पुन्हा बिघडलं की तुम्ही पहिल्यासारखेच आंधळे.”

दोन हजार सालानंतर आमच्याकडे जीपीएसवर मोजणारी यंत्रं आली. ज्यांनी ती पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. उपग्रहावरून जागा कळते, पण तिच्यात काही मीटरची चूक असते. ती काढण्यासाठी एक यंत्र माहीत असलेल्या जागेवर, एखाद्या गच्चीवर, कायमचं बसवतात. त्याला बेस म्हणायचं. तिथे चूक किती येतेय ते बेस सतत कळवतो आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून ते शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या यंत्राला मिळतं. शेतातलं यंत्र सुरुवातीला ‘फ्लोट’ दाखवतं, म्हणजे अंदाज. मग सगळं जुळलं की ‘फिक्स’ दाखवतं, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटरच्या आतलं उत्तर. फ्लोटपासून फिक्सपर्यंत एखादं मिनिट लागायला हवं. आणि बेस जवळ हवा. लांबच्या बेसवर फिक्स यायला फार वेळ लागतो, कधी येतच नाही.

सरांनी वयाची पन्नाशी ओलांडल्यावर हे यंत्र शिकून घेतलं, आणि पुस्तक पाठ करून घेतलं. फिक्स आला तरी ते मानत नसत. यंत्र उलटं करायला लावायचे, म्हणजे उपग्रहांचा संपर्क तुटायचा. मग सुलटं करून पुन्हा पहिल्यापासून फिक्स घ्यायचा. दोन्ही आकडे जुळले तरच नोंद. आमचा जीपवाला भास्कर दिंडोरीचा. तो म्हणायचा, “सर मशीनला शीर्षासन करायला लावत्यात. लय सात्त्विक झालंय मशीन.”

कंपनीने मोठ्या डौलात स्वतःचं नेटवर्क उभं केलं. नेटवर्क म्हणायचं, पण बेस दोनच. एक नाशिकला ऑफिसच्या गच्चीवर आणि दुसरा कळवणला. तिसरा सटाण्याला होणार होता, तो झाला नाही. कळवणला एका शिवणकाम करणाऱ्या विधवा बाईंची गच्ची भाड्याने घेतली होती. जिन्याच्या डोक्यावर एक लोखंडी पेटी, तिच्यात यंत्र, इन्व्हर्टर आणि बॅटरी. त्या भागात कालव्याच्या चाऱ्यांची, म्हणजे शेतात पाणी नेणाऱ्या पाटांची, मोजणी करायचं काम कंपनीला मिळालं होतं. शेतं बेसपासून दहा-बारा किलोमीटरवर. म्हणजे फिक्स मिनिटात यायला हवा.

येईना. थंडी संपता संपता हा त्रास सुरू झाला. काही वेळा यंत्र झटकन फिक्स द्यायचं आणि काही वेळा तासभर फ्लोटवर लटकून राहायचं. उपग्रह पुरेसे दिसत. नेटवर्कच्या दांड्या पूर्ण असत. दुरुस्तीचे आकडे येत असत. तक्रार करायला काही जागाच नाही, आणि उत्तर नाही.

मालक म्हणजे कंपनीचे संस्थापक. खडीच्या धंद्यातून वर आलेला माणूस, वाईट नाही. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, “पाडव्याच्या आत चाऱ्या संपल्या पाहिजेत. नाहीतर मी पुण्याहून नवीन टीम आणतो. मग मला दोन टीम परवडणार नाहीत.” सरांना छप्पन्न पूर्ण झाली होती. खाजगी नोकरी, पेन्शन नाही. मुलगा बंगळुरूला, पण बापाशी बोलणं जेमतेम. आणि घरी बसून ते काय करणार होते? मोजण्याशिवाय त्यांनी आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं. नोकरी गेली तर ती कायमची गेली, हे त्यांना, मला आणि मालकांना, तिघांनाही ठाऊक होतं.

त्यांनी शोध सुरू केला. एका वेळी एकच गोष्ट. आधी केबल बदलली, फरक नाही. जुनी केबल परत लावली. मग सिम, मग दुसऱ्या कंपनीचं सिम, मग अँटेना. बाभळीपासून दूर, पत्र्याच्या शेडपासून दूर, विजेच्या मोठ्या तारांपासून दूर. आकाशाच्या कडेचे उपग्रह वगळून पाहिलं, सगळे घेऊन पाहिलं. यंत्र विकणाऱ्यांच्या माणसाने फोनवर सांगितलं, “सर, त्या वेळी सॅटेलाइट खराब असतात. आकाशच खराब असतं.” सरांनी माझ्याकडे पाहून फोन ठेवला.

रोज संध्याकाळी ते मला कधी फिक्स आला आणि कधी अडला त्या वेळा द्यायचे आणि मी त्या आलेखावर मांडायचो. तीन-चार आठवडे झाल्यावर एके दुपारी त्यांनी आलेख टेबलावर पसरला.

“आकाश खराब असेल, तर चूक कशी सरकेल?”

हे मला त्यांनीच शिकवलं होतं. उपग्रहांची मांडणी दर दिवशी साधारण चार मिनिटं आधी येते. म्हणजे आठवड्यात अर्धा तास. “हळूहळू,” मी म्हणालो. “रोज थोडी थोडी.”

“आणि ही?”

ही सरकत नव्हती. आठवडाभर एकाच वेळी अडायचं आणि सोमवार उजाडला की एकदम दुसऱ्याच वेळी.

“आकाशाला सोमवार कळतो?” ते म्हणाले. कधी नव्हे ते त्यांचे डोळे चमकले. “सोमवार फक्त माणसांना कळतो.”

मला तेव्हा उलगडलं. लोडशेडिंग. त्या वर्षांत गावोगाव दिवसाचा निम्माअधिक वेळ वीज नसायची आणि तिच्या वेळा दर सोमवारी बदलायच्या. कळवणच्या वेळा मागवल्या. आलेखावर ठेवल्या. बोट ठेवायला जागा उरली नाही. कळवणला दिवसा वीज गेली की थोड्याच वेळात आमचा फिक्स जायचा. तिथला बेस बंद पडत होता आणि ऑफिसातला कॉम्प्युटर कोणाला न सांगता नाशिकच्या बेसचे आकडे शेतात पाठवत होता. साठेक किलोमीटर लांबून. म्हणून सगळं सुरळीत दिसायचं आणि फिक्स मात्र येत नसे.

“पण बॅटरी आहे ना तिथे?” मी विचारलं. “बॅटरीवर बेस दिवसभर चालायला हवा.”

“बरोबर. मग बॅटरी भरलेली का नसते?” त्यांनी पिशवी उचलली. “चला.”

आम्ही कळवणला पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती आणि वीज गेलेली होती. गल्लीत सगळीकडे कंदील, मेणबत्त्या. एकाच घरात पांढरी स्वच्छ ट्यूबलाइट. सर गल्लीच्या तोंडाशीच थांबले. बहुतेक त्यांना तिथेच सगळं कळलं.

दार उघडंच होतं. जिन्यावरून एक वायर खाली आली होती, आमच्या पेटीतून. ट्यूबखाली सतरंजीवर गच्चीवाल्या बाईंची मुलगी पुस्तकं पसरून बसली होती आणि पलीकडे त्या बाई साडीला हाताने फॉल लावत होत्या. आम्हाला पाहून त्या ताडकन उठल्या. नजर आधी सरांवर, मग वायरवर.

“चुकी व्हयनी, सर,” त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तिकडची अहिराणी मिसळलेली. “पोरगीनी धावीनी परीक्षा शे. अभ्यासना टाइमले रोज लाइट जास. माले वाटनं, एवढी मोठी बॅटरी, एक ट्यूब तं चाली जाई.” मग आवाज खाली आणून, शुद्ध बोलण्याचा प्रयत्न करत, “साहेबांना सांगू नका. भाडं बंद करतील. त्याच्यावरच हिची फी चालते.”

मला वाटलं, आता सुरू होणार. किती वाजता लावता, किती वाजता बंद करता, कोणी जोडली. वाऱ्यावरून त्या पोराला रडवणारा माणूस. सर दोन पावलं पुढे गेले. ते मुलीच्या वहीकडे बघत होते. भूमितीचं प्रमेय होतं. डावीकडे विधानं लिहिलेली होती आणि उजवीकडे, जिथे प्रत्येक विधानाचं कारण लिहायचं असतं, तिथे रकाना रिकामा होता.

“उजवीकडचं कुठे आहे?”

मुलगी घाबरून म्हणाली, “कारणं पाठ होत नाहीत, सर.”

“कारणं पाठ करायची नसतात,” ते म्हणाले आणि चपला काढून सतरंजीवर बसले.

मी दारात उभा होतो. बाई फॉल हातात धरून उभ्या होत्या. सर तिला एकेक विधान वाचायला लावत होते आणि विचारत होते, “हे का? तुला कसं कळलं?” आवाज तोच, ऑफिसातला, कोरडा. तिने चुकीचं सांगितलं तर “नाही” एवढंच. हळूहळू ती उत्तरं द्यायला लागली. एकदा तिने त्यांच्या आधीच कारण सांगितलं आणि स्वतःच हसली. सर हसले नाहीत. म्हणाले, “लिही.” बाहेर भास्करने दोनदा हॉर्न वाजवला.

प्रमेय संपल्यावर ते उठले. वायरला हात लावला नाही. जिना चढून पेटीही उघडली नाही.

परत येताना ते जीपमध्ये माझ्या शेजारी बसले होते. वणी मागे पडली. मग समोरच्या काचेकडे बघत विचारलं, “तुम्हाला तिथे काही दिसलं?”

“हो,” मी म्हणालो. “वायर.”

“मला नाही दिसली.”

समोरून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात त्यांचे कान लाल दिसत होते आणि गुडघ्यावर ठेवलेला हात त्यांनी दुसऱ्या हाताने दाबून धरला होता. एवढ्या वर्षांत मी त्यांना खोटं बोलताना पहिल्यांदाच पाहत होतो. ते त्यांना जमत नव्हतं.

त्यांनी काहीच केलं नाही असं नाही. चार दिवसांनी त्यांनी स्वतःच्या खिशातून दुसरी बॅटरी घेतली आणि कळवणला नेऊन पहिलीला जोडली. बाईंना सांगितलं, कंपनीने दिली. मग मला हिशेब करायला सांगितला. हिशेब सोपा होता आणि वाईट होता. बॅटरी दोन झाल्या तरी वीज तेवढेच तास येणार आणि चार्जर तेवढाच. एक अर्धी भरण्याऐवजी दोन पाव पाव भरणार. परीक्षा जवळ येत होती, ट्यूब जास्त वेळ जळत होती. मी दोनदा तपासलं. सरांनी कागद घेतला, वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. दुसरा काही उपाय सुचतोय का म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्याकडे नव्हता. मोठा चार्जर मागायचा तर मालक कारण विचारणार. कारण सांगायचं तर बाईंवर चोरीचा आळ, बेस हलवला जाणार, भाडं जाणार.

एकदा मी म्हणालो, “सर, दहावीची परीक्षा महिन्याभरात संपेल. तोवर दिवस काढता येतील.”

“पाडवा त्याच्या नंतर आहे,” ते म्हणाले. “बसतंय.”

त्यांना खरंच वाटत होतं की बसतंय.

मग त्यांनी कळवणला वीज असेल तेवढ्याच वेळात मोजणी करायची असं ठरवलं. बाकी वेळ यंत्र उभं करून वाट बघायची, कदाचित फिक्स आलाच तर. काम निम्म्यावर आलं. भास्कर त्यांना विचारायचा, “सर, आज पण बाभळीखालीच का?” ते म्हणायचे, “आज लिंबाखाली.” स्वतःवर केलेला त्यांचा हा एकच विनोद मला माहीत आहे.

परीक्षेला आठवडा असताना मालक न सांगता शेतावर आले. मीही त्या दिवशी तिथे होतो. जीप झाडाखाली, भास्कर झोपलेला, सर यंत्राची काठी धरून उन्हात उभे, पडद्यावर फ्लोट.

“काय प्रॉब्लेम आहे?” मालकांनी विचारलं.

“फिक्स येत नाही.”

“का येत नाही?”

सरांनी पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “कारण सापडलं नाही.”

मालकांना आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग ते हसले. “वीस वर्षं माझ्या पोरांना सोलून काढलंत. कारण दाखवा, कारण दाखवा. आणि आज तुम्ही मला सांगता, सापडलं नाही?”

“नाही सापडलं.”

“मग फ्लोटवर घ्या आकडे. चाऱ्याच आहेत. इकडे तिकडे हातभर झालं तर काय होतंय?”

“पाणी उलटं वाहील. फ्लोटवर मी घेणार नाही.”

“म्हणजे फिक्स आणणार नाही, फ्लोट घेणार नाही, कारण सांगणार नाही.” मालकांचा आवाज चढला नाही, थकल्यासारखा झाला. “मग मी तुम्हाला ठेवू कशासाठी, ते कारण तरी सांगा.”

सरांनी काठी जमिनीतून उपटली, यंत्र काढून पेटीत ठेवलं, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या आणि पेटी मालकांच्या गाडीत नेऊन ठेवली. पाडव्याची वाटही बघावी लागली नाही.

पुण्याहून नवीन इंजिनिअर आला. हुशार, गोड बोलणारा मुलगा. पहिल्याच दिवशी त्याने बरोबर आणलेल्या नव्या यंत्राच्या पडद्यावर बेसचं अंतर पाहिलं, दुपारी कळवणला गेला, वायर कापली आणि संध्याकाळी ऑफिसात येऊन सांगितलं. दहावीचे पहिले दोन पेपर झाले होते. भूमितीचा व्हायचा होता. म्हणजे सरांच्या गप्प राहण्याने त्या मुलीला मिळाले ते एवढेच दिवस. भाडं बंद झालं. बेस एका खतांच्या दुकानावर हलवला.

ऑफिसात महिनाभर हाच विषय. ‘कारणे दाखवाला बॅटरी बघायचं सुचलं नाही!’ पूर्वी ज्यांना त्यांनी रडवलं होतं, त्यांचे फोन आले. वाऱ्यावाला पोरगा आता मोठ्या कंपनीत होता, त्याच्यापर्यंतही गोष्ट पोचली म्हणे.

मला ते सहन झालं नाही. मी मालकांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. सोमवारचा आलेख, ट्यूब, मुलगी, प्रमेय, दुसरी बॅटरी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बसा,” ते म्हणाले. “तुम्ही चांगले आहात. तुम्हाला त्यांची बाजू घ्यावीशी वाटते, बरोबर आहे. पण मी त्या माणसाला तुमच्याहून जास्त वर्षं ओळखतो. ज्याने पोराच्या लग्नात मंडपवाल्याशी खांबाच्या अंतरावरून भांडण काढलं, पोरगं त्यामुळे दुरावलं, तो माणूस कोणाच्या पोरीसाठी चोरी झाकेल? स्वतःची नोकरी घालवून? तुम्ही सांगा, तुम्ही ऐकलं असतं तर विश्वास ठेवला असता?”

“पण दुसरी बॅटरी तिथे आहे ना? तीच पाहा.”

“असेल. न बघताच जोडली असेल. गोंधळला होता म्हातारा.”

मी भास्करला साक्षीला आणलं. तो म्हणाला, “आम्ही गेल्तो कळवणला, खरंय. पण मी बाहेर व्हतो, साहेब. आत काय झालं मला नाय माहीत.” तेही खरंच होतं.

पावसाळ्यानंतर कळवणच्या कामावर गेलो असताना मी त्या गल्लीत गेलो. घरात दुसरे लोक राहत होते. शेजारच्यांनी सांगितलं, त्या मायलेकी मालेगावकडे नातेवाइकांकडे गेल्या. पोरगी पास झाली का, असं विचारलं. कोणाला माहीत नव्हतं. मी त्यांचं आडनाव घेऊन दोन ठिकाणी चौकशी केली, मग सोडून दिली. आपला संसार, आपली कामं.

सरांकडे मी वर्षातून दोन-तीनदा जायचो. ते घरी बसले होते. कोणी काम दिलं नाही, त्यांनीही मागितलं नाही. मालकांना सगळं सांगितल्याचं मी त्यांना एकदाच बोललो. ते म्हणाले, “तुम्ही न पाहिलेलं का सांगितलंत?” आणि विषय बदलला. पुढे त्यांचं बोलणं कमी झालं. वहिनी म्हणायच्या, हल्ली दूध उतू गेलं तरी विचारत नाहीत.

शेवटचा गेलो तेव्हा त्यांचा एक भाचा मुंबईहून आला होता. चांगला मुलगा. त्याने सहज विचारलं, “मामा, तुम्ही कंपनी सोडली कशी? तुमचं तर तिथे राज्य होतं.”

सर नीट बसले. बऱ्याच दिवसांनी त्यांना कोणी काही विचारलं होतं. त्यांनी क्रमाने सांगितलं, जसं सांगायला हवं तसं. केबल. सिम. दुसऱ्या कंपनीचं सिम. अँटेना. बाभळी, पत्रे, विजेच्या तारा. कडेचे उपग्रह. एका वेळी एक. एकही गोष्ट मागेपुढे झाली नाही. मग म्हणाले, “बेस राहिला. कळवणला जाऊन बेस बघायला हवा होता. मी गेलोच नाही.”

“सर,” मी म्हणालो, “आपण गेलो होतो. मी बरोबर होतो. ती मुलगी, भूमितीचं प्रमेय...”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्म्याआडून, सौम्यपणे, एखाद्या नवीन माणसाची बेरीज चुकली की पूर्वी कधीच बघायचे नाहीत तसं. “तुमची गल्लत होतेय,” ते म्हणाले. “मी गेलो असतो तर मला दिसलं असतं.”

मी त्यांचे कान पाहिले, हात पाहिले. हात गुडघ्यांवर सुटे होते. ते खोटं बोलताना कसे दिसतात हे मला एकट्याला माहीत होतं, आणि ते तसे दिसत नव्हते.

भाचा समजुतीने म्हणाला, “जाऊ द्या मामा. होतं असं कधी कधी.”

“असं आपोआप होत नाही,” सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जुना कोरडेपणा परत आला. “कारण असतं. इथे कारण मी होतो.”

वहिनींनी चहा आणला. मी तो प्यायलो आणि निघालो.